तिचं नाव राहिलं

हजेरी संपवून मी वही मिटली आणि मागून दुसरीतला एक पोरगा ओरडला, "सर, तिचं नाव घेतलं न्हाईसा!" शाळा तपासायला आलेले साहेब नेमके शेजारच्या खुर्चीत बसले होते. गोष्ट जानेवारीतली, पण डोक्यातून जात नाही.

पंचगंगेकाठची आमची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते चौथी, पट तेवीस, शिक्षक दोन. दिवाळीच्या आसपास शाळेमागच्या रानात ऊसतोड टोळीच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. ही पोर त्यातलीच, बीड जिल्ह्यातली. आईबाप मिळून एक कोयता (टोळीत जोडप्याला असंच मोजतात), सोबत टायरगाडी आणि बैलजोडी. पहाटे अंधारातच दोघं फडात जातात. मागे कोपीत आठ वर्षांची ही आणि तिचा दहा महिन्यांचा भाऊ. लोकांना वाटतं, या मुलांना ऊस तोडायला नेतात म्हणून ती शाळेत येत नाहीत. कितीतरी मुलींचं कारण त्यांच्या कडेवर असतं. "भावाला घेऊन ये," म्हटलं तेव्हा कुठे ती आली. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी व्हरांड्याच्या वाशाला जुन्या लुगड्याची झोळी बांधली. आमच्या शाळेत सगळ्यात कमी पैसे त्यांना मिळतात आणि वेळेला सगळ्यांच्या आधी त्या उभ्या राहतात.

सुरुवातीला पोरं तिला 'बीडवाली' म्हणायची. ती एकदा 'का?' ऐवजी तिकडचं "कामून?" म्हणाली तर वर्ग खो खो हसला. मग आठवडाभर ती बोललीच नाही.

हे पालटलं कार्यानुभवाच्या तासाला. आमच्या बहुतेक पोरांच्या घरी ऊस आहे, पण मोळी कशी बांधतात ते एकालाही येत नव्हतं. तोड टोळीच करते. तिने वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याच्या, दोन मुठी घेतल्या, शेंडे एकमेकांत घातले, पीळ देत हातभर लांब बंद केला, जमिनीवर पसरला. त्यावर काड्या रचल्या, गुडघा दाबून बंद आवळला, टोकांना पुन्हा पीळ दिला आणि ती आत खोचली. गाठ कुठेच नाही. चौथीतल्या आडदांड पोराने मोळी उचलून गदागदा हलवली. एक काडी सुटली नाही. "मला शिकीव की," तो म्हणाला. पुढे आठ दिवस शाळेत खराटे, पेन्सिली, माझी छत्री, सगळ्याच्या मोळ्या झाल्या. "ढिल्ली झाली, पुन्हा बांध," ती बजावायची. त्याच आठवड्यात पोरं तिला नावाने हाक मारू लागली.

हजेरीपटावर मात्र ते नाव नव्हतं. गाव सोडताना शिक्षण हमी पत्रक, म्हणजे नव्या गावच्या शाळेत दाखवायचा कागद, मिळालं नव्हतं. पोर्टलवर मी विनंती टाकली, पण मूळ शाळेने मंजूर केल्याशिवाय नाव इकडे येत नाही. दोन महिने मंजुरी नाही. तिकडच्या गुरुजींचा राग येतो, आणि येतही नाही. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरवताना, शिक्षकाचं पद जातं, हे मलाही ठाऊक आहे.

साहेबांनी डोकी मोजली. चोवीस.

"ही कुणाची?"

"आमच्या शाळंतली हाय," चौथीतली एक मुलगी उभी राहून म्हणाली. साहेब माझ्याकडे वळले. पटावर नाव नाही तर आहार कसा देता? पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ. त्या मूठभर तांदळाचा हिशोब ते त्या पोरीच्या तोंडावर विचारत होते. दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ आहे, एवढं मी बोललो. त्यांनी शेरेबुकात 'पटाबाहेरील विद्यार्थी आढळला' असं लिहिलं.

तोवर ती उठली होती. दप्तर खांद्याला, भाऊ झोळीतून काढून कडेवर, आणि चालली फाटकाकडे. मावशी ताट घेऊनच आडव्या झाल्या. "जेवल्याबिगर जायचं न्हाई." त्या मोळीवाल्या पोराने काही न बोलता बाळ आपल्या कडेवर घेतलं. दोघीतिघी सरकल्या, पंगतीत जागा झाली. ती बसली.

त्या संध्याकाळी चोविसाव्या ओळीवर मी तिचं नाव शाईने लिहिलं. हे नोव्हेंबरातच करायला हवं होतं. पोर्टलची वाट बघत मी तिला दोन महिने बिननावाची बसवली, हे मला खुपतं.

मार्चअखेर पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला. तिला काय काय येतं ते मी कागदावर लिहून शिक्का मारून दिलं. बापाने तो कागद रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना चोविसाव्या नावापाशी आलो.

"गावाला गेलीया, सर," तिघंचौघं एकदम म्हणाली.