सही नसलेली चिठ्ठी

"तुमच्याच वर्गातली मुलगी सुई टोचल्याबरोबर तुमच्या डोळ्यांसमोर कोसळली, तरी तुम्ही अजून पालकसभेत उभ्या राहून लस द्या म्हणून सांगता, हे कसे काय?" हा प्रश्न मला नागपुरातल्या मानेवाड्याच्या भाजीबाजारात विचारला गेला आहे, लग्नाच्या पंगतीत विचारला गेला आहे, आणि रात्री दहा वाजता फोन करूनही विचारला गेला आहे. विचारणाऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेले असते, त्याला फक्त माझी कबुली हवी असते, म्हणून आजवर मी दोन वाक्यांत विषय संपवत आले. आता एकदा सगळे लिहून टाकते. कबुलीही देणार आहे. पण तुम्हाला हवी असलेली ती नव्हे.

गोवर-रुबेलाची मोहीम तुम्हाला आठवत असेलच. २७ नोव्हेंबर २०१८ पासून राज्यभर नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला, आधीचे डोस झालेले असोत वा नसोत, एक जादा डोस द्यायचा होता आणि सुरुवात शाळांपासून झाली. माझ्याकडे सातवीचा वर्ग होता, मुले बावन्न. घरी पाठवलेल्या संमतीच्या चिठ्ठ्यांपैकी त्रेचाळीस सह्या होऊन परत आल्या. नऊ आल्या नाहीत, किंवा दप्तराच्या तळाशी चुरगळून कोऱ्याच राहिल्या. त्या नवांत ती मुलगी होती.

सकाळच्या पाळीची शाळा आणि नागपूरची डिसेंबरमधली थंडी. व्हरांड्यात दोन टेबले मांडली होती, बर्फाच्या पिशव्या घातलेला निळा डबा एका खुर्चीवर होता, आणि सिस्टर कुपीतल्या भुकटीत पाणी मिसळून कुपीवर वेळ लिहीत होत्या, कारण एकदा मिसळलेली लस चार तासांच्या आत वापरावी लागते, नाही तर फेकून द्यावी लागते. त्यांचे काम चोख होते, हे मी आधीच सांगून ठेवते. प्रत्येकाला नवी सुई, टोचून झाले की अंगठ्याच्या नखावर काळ्या शाईची रेघ आणि मग पलीकडच्या वर्गात अर्धा तास बसणे. रांग कशी लावायची, हे मात्र माझ्याकडे होते. मी ती टेबलाकडे तोंड करून लावली. म्हणजे प्रत्येक मूल पुढच्या मुलाच्या दंडात सुई जाताना पाहत पुढे सरकत होते, आणि पुढच्याने ओठ चावले की मागच्याच्या पोटात गोळा येत होता.

तिची पाळी येण्याआधी मी तिला विचारले होते, "घरी सांगितले आहेस ना?" तिने मान हलवली. ती मान मी सही समजले. सकाळी काही खाऊन आलीस का, हे मी विचारले नाही. ती नुसता चहा घेऊन आली होती, हे नंतर कळले.

टोचून झाले, नखावर रेघ ओढली गेली, ती चार पावले चालली, तिच्या ओठांचा रंग उतरला आणि ती गुडघ्यांत दुमडून खाली गेली. जाताना बाकाची कड भुवईच्या वर लागली. रक्त पाहिल्यावर रांगेत एकच किंकाळी उठली आणि पुढच्या पाच-सात मिनिटांत आणखी चार मुली खाली बसल्या किंवा आडव्या झाल्या. त्यांतली एक अजून रांगेतच होती. तिला सुई लागलेलीच नव्हती. ही गोष्ट मी तेव्हाही ओरडून सांगितली होती आणि आजही सांगते, कारण व्हॉट्सअॅपवर संध्याकाळपर्यंत जो मजकूर फिरला त्यात "पाच मुली लसीने बेशुद्ध" एवढेच होते.

सिस्टरनी तिला तिथेच फरशीवर आडवे केले, पायांखाली दोन दप्तरे ठेवली आणि नाडी धरून बसल्या. नाडी मंद होती, अंगावर पुरळ नव्हते, श्वास व्यवस्थित चालू होता. दोन-तीन मिनिटांत तिने डोळे उघडले. माझ्याकडे पाहून तिने पहिले वाक्य उच्चारले ते असे: "मॅडम, बाबांना सांगू नका."

बाबांना सांगावे लागलेच. भुवईवर तीन टाके पडले आणि एक रात्र तिला दवाखान्यात देखरेखीखाली ठेवले. तिचे वडील कळमन्याच्या बाजारात हमाली करत. ते धावत आले, तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर अजून पोत्यांची धूळ होती. ते ओरडले असते तर मला सोपे गेले असते. त्यांनी शांतपणे विचारले, "मी सही नोती केली मॅडम, मग माह्या पोरीले काहून टोचलं?" मी उत्तर दिले, "सरकारी मोहीम आहे, सगळ्यांनाच दिली आहे." त्या दिवशी मी केलेल्या चुकांत या वाक्याची चूक मला सर्वांत मोठी वाटते.

तुम्ही म्हणता, लसीने मुलगी पडली. मुलगी भीतीने पडली. सुईच्या भीतीने नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, मेंदूकडे जाणारे रक्त क्षणभर कमी होते आणि माणूस खाली जातो. आडवे करून पाय वर घेतले की सावरतो. किशोरवयात, विशेषतः मुलींत, हे जास्त घडते आणि एकीला पाहून दुसरीला होते. उपाशी पोट आणि समोर दिसणारी सुई त्यात भर घालतात. लसीची खरी तीव्र अॅलर्जी वेगळी असते: अंगावर गांधी उठतात, चेहरा किंवा घसा सुजतो, दम लागतो, नाडी मंद न होता जलद होते, आणि अॅड्रिनलिनचे इंजेक्शन तातडीने द्यावे लागते. तसे साधारण दहा लाख डोसांत एखाद्याच वेळी होते. ते एखादे मूल कोणते असेल हे आधी कळत नाही, म्हणूनच अर्धा तास बसवून ठेवतात. लसीनंतरचा अर्धा तास म्हणजे वेळेचा अपव्यय असे मानून मुलाला घाईने स्कूटरवर बसवणारे पालक मी पाहिले आहेत, आणि त्यांतलेच काही मला सुरक्षिततेबद्दल विचारतात, हेही लिहून ठेवते.

आता माझ्याविषयी. तेव्हाची मी असा युक्तिवाद करत असे की, सही न होणे म्हणजे नकार नव्हे. ज्या घरात बाप पहाटे चारला बाजारात जातो आणि आई चार घरची धुणीभांडी करते, तिथे चिठ्ठी वाचलीच जात नाही, आणि चिठ्ठीसाठी थांबायचे ठरवले तर नेमकी तीच मुले वगळली जातील ज्यांना खाजगी दवाखान्यात कोणी नेणार नाही. या युक्तिवादात खोटे काही नव्हते, आणि आजही मला त्याचे पुरते उत्तर सापडलेले नाही. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०१९ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या शाळांत पालकांच्या संमतीशिवाय ही लस देऊ नये असे सांगितले, तेव्हा मी चिडले होते. न्यायाधीशांनी कळमन्याचा बाजार पाहिलेला नाही, असे मी स्टाफरूममध्ये म्हटले होते. पण कळमन्याच्या बाजारातून आलेल्या माणसानेच मला तोच प्रश्न आधी विचारला होता, हे त्या वेळी माझ्या ध्यानातही आले नाही. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला हवे होते. एक फोन करायला हवा होता. नऊ फोन म्हणजे एका संध्याकाळचे काम होते.

तरीही लस द्या म्हणून का सांगते? नऊ महिन्यांच्या बाळाला दिलेला गोवराचा पहिला डोस शंभरांतल्या सुमारे पंधरा बाळांच्या अंगी लागत नाही, म्हणून सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा देतात. रुबेला अंगावर आला तर मुलीला दोन दिवस ताप आणि पुरळ, बस. पण तोच गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत झाला तर बाळ मोतीबिंदू, बहिरेपणा किंवा हृदयाचा दोष घेऊन जन्माला येऊ शकते. त्या मुलीला त्या दिवशी जे टोचले ते तिच्या पुढे होणाऱ्या बाळांसाठीही होते. हे मी तिच्या वडिलांना सांगितले नाही, आणि आता सांगून टाके पुसले जाणार नाहीत. पुढच्या जूनमध्ये त्यांनी तिची शाळा बदलली.

लसीमुळे मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) येते का असे विचारता, तर ज्या शोधनिबंधाने ती शंका १९९८ मध्ये पेरली तो २०१० मध्ये मागे घेतला गेला, आणि डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांचा माग ठेवून २०१९ मध्ये जे प्रसिद्ध झाले त्यात तसा संबंध आढळला नाही. लस घेतल्यास पुढे मूल होणार नाही, या अफवेला तर कशाचाच आधार नाही. मात्र टोचल्यावर दंड दुखतो, आठवड्या-दीड आठवड्याने ताप येऊ शकतो, बारीक पुरळ येऊ शकते, हे मी पालकांना आधीच सांगते. हे लपवले की पुढचे काहीच कोणी ऐकत नाही.

दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात आणि घटसर्पाचा डोस असतो, हे अर्ध्याअधिक पालकांना ठाऊकच नसते. पाच वर्षांचे झाले की लसीकरण संपले, असे समजून ते बाळाचे कार्ड कपाटात ठेवून देतात. लहानपणीच्या डोसांनी आलेली शक्ती पुढे उतरत जाते, म्हणून हे डोस आहेत. अलीकडे आया गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लसीबद्दल विचारतात, आवाज खाली करून. मी सांगते की नऊ ते चौदा या वयात ती देणे उत्तम, मुलीला तिच्या वयाला समजेल असे सांगून द्या, आणि त्या दिवशी पोटभर खाऊ घालून न्या.

मागच्या वेळी पाचवीच्या मुलांना डोस द्यायचा होता. मी रांग लावली नाही. एकेका मुलाला आत बोलावले, बसवून टोचले, बाहेरच्यांना सुई दिसणार नाही असा पडदा लावला आणि मधल्या सुट्टीतले डबे आधी खायला लावले. एकही मूल पडले नाही. आदल्या संध्याकाळी सही नसलेल्या सात घरी मी फोन केले होते. सहा पालकांनी होकार दिला. सातव्या घरचा फोन चार वेळा वाजून बंद झाला, आणि दुसऱ्या दिवशी तो मुलगा हात पुढे करून माझ्यासमोर आला. घरी सांगितलेस का, असे विचारल्यावर त्याने मान हलवली. मी त्याला परत बाकावर बसवले. त्याचा डोस अजून राहिलेला आहे.