वाघाटीच्या जाळीपाशी

सप्टेंबर आला की ओळखीपाळखीच्या सगळ्यांचा एकच प्रश्न असतो: "बाई, कासला फुलं आली का?" येतात, भरभरून येतात. फाल्गुन-चैत्रात मात्र कुणी काही विचारत नाही. डोंगर पिवळे पडलेले, गवत वाळून करकरीत झालेलं, ओढ्यांना जेमतेम पाणी. आता काय बघायचं, असंच सगळ्यांना वाटतं. मला विचाराल तर फुलपाखरांशी ओळख करून घ्यायला यासारखे दिवस नाहीत. पावसाळा संपता संपता इतकी फुलं असतात की फुलपाखरू कुठेही बसतं आणि बघता बघता दिसेनासं होतं. आत्ता फुललेली झाडंझुडपं मोजकीच असतात. त्यामुळे कोण कुठे भेटेल हे आधीच सांगता येतं.

त्यासाठी कासच्या पठारावर जायची गरज नाही. पायथ्याची शेतं, बांध, ओढ्याचा काठ आणि आमच्या शाळेमागचं माळरान एवढं पुरतं.

वसंत म्हटलं की सगळ्यांची नजर वर जाते, पळसाकडे आणि पांगाऱ्याकडे. ती लाल फुलं मुख्यतः पक्ष्यांची. बुलबुल, मैना, सूर्यपक्षी तिथे दिवसभर असतात. फुलपाखरं बघायची तर खाली बघा, एकदांडीकडे. काही जण तिला दगडीपाला म्हणतात. लहानपणी खरचटलं की हिचाच पाला चोळून लावायचे. मूळची ती अमेरिकेतली, पण आता तिच्याशिवाय एकही माळ नाही. वीतभर दांड्याच्या टोकाला एकच पिवळसर फूल. भिंगातून पाहिलं की कळतं, मधला तो पिवळा गोळा म्हणजे इवल्या इवल्या फुलांचा गुच्छ आहे आणि त्यातल्या प्रत्येकात मधाचा वेगळा थेंब आहे. म्हणूनच त्यावर बसलेलं फुलपाखरू लगेच उठत नाही. सोंड एका नळीत घालतं, काढतं, शेजारच्या नळीत घालतं. तेवढ्या वेळात पहिलीतलं पोरसुद्धा त्याच्या पंखांवरचे ठिपके नीट पाहून घेतं. नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी एकदांडीपाशीच बसवते.

घाणेरीवर फुलपाखरं जास्त दिसतात, हे खरं. तिच्या गुच्छातली ताजी फुलं पिवळी असतात, जुनी होतील तशी ती गुलाबी-लाल होतात, आणि फुलपाखरं नेमकी पिवळ्यांवरच सोंड घालतात. पण घाणेरी बाकीच्या झुडपांना जागाच ठेवत नाही. म्हणून तिच्यावर कितीही फुलपाखरं बसली तरी तिचं कौतुक माझ्याच्याने होत नाही.

रुईपाशी बिबळ्या कडवा नावाचं फुलपाखरू घिरट्या घालतं, कारण त्याची मादी रुईच्या पानावर अंडी घालते. वाळलेल्या खुळखुळ्याच्या झुडपापाशीही थांबा. शेंगा वाजायला लागलेल्या असतात, झाडात हिरवं असं काही उरलेलं नसतं, तरी त्या वाळक्या काड्यांना ब्लू टायगरचे नर चिकटून बसलेले दिसतात. त्यांना त्यातली कडू द्रव्यं हवी असतात. त्यापासून ते मादीला भुलवणारा गंध तयार करतात. एरवी जवळ जाताच उडणारी ही फुलपाखरं तिथे इतकी गुंग असतात की अगदी हातभर अंतरावरून पाहता येतं.

पण मला सांगायचंय ते वाघाटीबद्दल.

वाघाटी बहुतेकांना माहीत असते ती फळामुळे. आषाढी एकादशीचा उपास द्वादशीला सोडताना वाघाटीची भाजी लागते. त्या एका दिवसापुरती ती बाजारात दिसते आणि मग वर्षभर तिची आठवण कुणाला येत नाही. तिची फुलं मात्र आत्ता, उन्हाळ्याच्या तोंडावर येतात. बांधावर किंवा बाभळीच्या आधाराने चढलेली काटेरी जाळी, काटे आकड्यासारखे मागे वळलेले, कोवळ्या फांद्यांवर तांबूस लव. त्या फांद्यांवर पानाच्या बगलेत फुलं एकावर एक ओळीने लागतात. ताजं फूल पांढरं, त्यातून बाहेर आलेले लांब पुंकेसरही पांढरे. फूल शिळं झालं की सगळं गुलाबी-जांभळट होत जातं, त्यामुळे एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसतात.

या जाळीपाशी सकाळी नऊ-साडेनऊला, ऊन जरा तापलं की जाऊन बसावं. आधी येतं ते व्हाइट ऑरेंज टिप. पांढरं, पंखांच्या टोकाला काळ्या चौकटीत केशरी पट्टा. त्याचंच भावंड यलो ऑरेंज टिप, तसाच केशरी पट्टा पण अंग पिवळं. दोघंही जमिनीलगत, घाईघाईने उडतात आणि पंख मिटले की वाळल्या गवतात हरवतात. पायोनियर आणि कॉमन गल ही फुलपाखरंही याच जाळीची पाहुणी. कधी उंचावरून एक मोठं, तळहाताएवढं पांढरं फुलपाखरू सरळ रेषेत येतं आणि थांबेल थांबेल म्हणताना निघून जातं. ते ग्रेट ऑरेंज टिप.

मध प्यायला ही सगळी एकदांडीवरही जातात. वाघाटीवर माद्या येतात त्या पोरांची सोय बघायला. अंडी घालायला आलेली मादी ओळखायची ती उडण्यावरून. फुलांकडे तिचं लक्ष नसतं. पानांपानांवरून ती क्षणभर टेकत जाते, टेकली की पुढचे पाय पानावर भराभर आपटते आणि उठते. फुलपाखराला चव पायांनी कळते. पान वाघाटीचंच आहे का, याची खात्री ती अशी करून घेते. आसपासच्या बोरीवर, घाणेरीवर टेकून बघते, सोडून देते. मग वाघाटीचं तांबूस, कोवळं पान सापडलं की पोट वाकवून एकच अंडं चिकटवते आणि पुढच्या फांदीकडे जाते. चौथीच्या वर्गातला एक मुलगा ते अंडं बघून ओरडला, "बाई, तांदळाची कणी उभी केलीय!" भिंगातून त्या कणीवरच्या उभ्या रेघा वर्गातल्या सगळ्यांनी रांग लावून पाहिल्या.

वाघाटीच का? तर वाघाटी आणि मोहरी ही एकाच भाऊबंदकीतली झाडं. मोहरी कुटली की नाकाडोळ्यांत जाते ती झणझण वाघाटीच्या पाल्यातही असते. पान चावलं की त्यातली दोन वेगवेगळी ठेवलेली द्रव्यं एकत्र येतात आणि तिखट तेल तयार होतं. बहुतेक किडे त्याला टाळतात. या पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या कुळातल्या अळ्यांच्या पोटात मात्र असं एक प्रथिन असतं की ते तेल तयार होण्याआधीच त्याची वाट बदलून टाकतं आणि कमी घातक पदार्थ बनवतं. इतरांना नकोसं पान त्यांना निवांत खायला मिळतं. इंग्लंडला असलेल्या भाचीने एप्रिलमध्ये तिकडच्या ऑरेंज टिपचा फोटो पाठवला होता. ओलसर कुरणातल्या फिकट जांभळ्या कुकूफ्लॉवरवर बसलेला नर, टोकाला तोच केशरी रंग. ते कुकूफ्लॉवर मोहरीच्याच कुळातलं. तिथली गार हवा आणि आमचा तापलेला बांध, पण गणित एकच. मला त्या दिवशी फार आनंद झाला.

ग्रेट ऑरेंज टिपची मोठी अळी दिसली तर नशीबच. हिरवीगार असते आणि धक्का लागला की पुढचा भाग फुगवून उचलते. बाजूचे ठिपके डोळ्यांसारखे दिसतात. घटकाभर हरणटोळ सापाचं पिल्लूच समोर आहे असं वाटतं. मुलं मागे सरकतात आणि मग अजून जवळ येतात.

एवढी मोलाची जाळी, पण याच महिन्यांत ती तोडली जाते किंवा जाळली जाते. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगराला वणवे लागतात, म्हणजे लावले जातात. जाळलं की पुढल्या साली गवत चांगलं येतं, हा समज काही केल्या जात नाही. एका रात्रीत कोषांसकट, अंड्यांसकट उतार काळा होतो. दुसऱ्या दिवशी तिथे चालताना मला रडू येतं, ते लपवत नाही मी.

बांधावरच्या जाळीबद्दल तात्यांशी बोलले. शेत त्यांचं.

"तात्या, ही जाळी एवढी राहू द्या."

"बाई, नुसतं काटं हायती. जाता-येता धोतराला धरतंय."

"आषाढात फळं तोडायला तुम्हीच येता की."

"ते बारशीपुरतं." मग मुलांकडे बघून म्हणाले, "ह्या पोरांनी त्यात काय बघितलं?"

मुलांनी त्यांना भिंगातून अंडं दाखवलं. तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, बराच वेळ बघत राहिले. कोयता त्यांनी बांधाच्या दुसऱ्या टोकाला, घाणेरीवर चालवला.

आता ओढ्याकाठचा वायवर्णा फुलायला लागलाय. तोही वाघाटीच्याच नात्यातला, आणि ग्रेट ऑरेंज टिपच्या अळ्या त्याचाही पाला खातात. वाघाटीची जाळी जवळपास नसेल तर वायवर्णा शोधा. फुलं आधी पांढरी, मग पिवळी, त्यातून निघालेले लांब जांभळट पुंकेसर, पानं तीन-तीनच्या जुडीत. जवळच ओली वाळू असेल तर तिच्याकडेही नजर असू द्या. तिथे क्षार शोषायला फुलपाखरांचे नर दाटीवाटीने बसतात आणि ते क्षार मीलनाच्या वेळी मादीला देतात. कोवळी पालवी निबर व्हायच्या आत जा. सकाळी अकरानंतर ऊन सोसत नाही, त्यांनाही आणि आपल्यालाही.