प्रस्तावाच्या आधीचा खर्च

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात. त्याची गोळी सुरू झालेलं माणूस दिवाळीनंतर ती बंद का करतं, हा विषय आमच्या संस्थेच्या बैठकीत दर हिवाळ्यात निघायचा. उत्तरही ठरलेलं असायचं: ऊसतोड. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा, तळोदा, धडगावकडची कितीतरी कुटुंबं दिवाळी झाली की गुजरातच्या साखरपट्ट्यात, बारडोली-सुरतकडे तोडीला जातात आणि होळीला परततात. गोळी इथे, माणूस तिथे. पण एकदा भर बैठकीत एका आशाताईंनी विचारलं, "ताई, जे गावातच राहतात तेही सोडतात. त्यांचं काय?" सगळे गप्प.

गोळी म्हणजे हायड्रॉक्सीयुरिया. ती रक्तातलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवते, त्यामुळे पेशी कमी वाकतात आणि अंग ठणकण्याचे झटके कमी येतात. मात्र ती नेमाने घ्यावी लागते आणि अधूनमधून रक्ताची तपासणीही लागते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं. आदिवासी भागातल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट. तपासणीचा जोर वाढला, घराघरात तपासणीच्या निकालाची कार्डं आली. कार्ड आल्यावर त्या घरात काय होतं, हे मात्र रुग्णांच्या यादीवरून कळत नाही. ते नीट तपासायचं, मोजायचं, लिहून ठेवायचं आम्ही ठरवलं आणि तिथून संशोधन निधी नावाच्या जंगलात शिरलो.

पहिला दरवाजा लगेच बंद झाला. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, छोट्या अनुदानाची मर्यादा २ कोटी रुपये आहे, म्हणजे आमच्यासारख्यांच्या दृष्टीने डोळे फिरवणारी. पण स्वयंसेवी संस्थेने स्वतः अर्ज करायचा तर डीएसआयआरची, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची, संशोधन संस्था म्हणून मान्यता लागते. आमच्याकडे धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी होती, आयकराच्या सवलतीची १२ए आणि ८०जी होती, स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलचा क्रमांकही होता. ही मान्यता नव्हती. तेव्हा मुख्य संशोधक कुठल्यातरी महाविद्यालयाचा असणार आणि आम्ही सोबत, हे उघड झालं.

कंपन्यांच्या सीएसआरकडे, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीकडेही जाऊन पाहिलं. मोठ्या कंपन्यांना कायद्याने नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे असल्याने पैसा असतो, पण बहुतेकांचा पहिला प्रश्न "लाभार्थी किती?" असाच असतो. गोळी का सोडली हे विचारलं गेलेल्या माणसाला लाभार्थी म्हणायचं की नाही, यावर एका अधिकाऱ्याशी माझी बरीच हुज्जत झाली. तो माणूस भला होता, त्याच्या तक्त्यात मात्र आमची जागा नव्हती. परदेशी निधीचा विचार तर मनातच सोडून दिला. एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. म्हणजे मोठ्या शहरातल्या संस्थेने आणायचा आणि गावातल्या जोडीदाराला वाटा द्यायचा, ही वाट मुळातच बंद.

शेवटी जमलं ते एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या विभागाशी. नाव घेत नाही, कारण पुढे थोडं कडूही लिहायचं आहे. तिथल्या मॅडम मनापासून कामाच्या. पण त्यांनी पाठवलेल्या पहिल्या मसुद्यात आमच्या संस्थेची जागा अंदाजपत्रकात एकाच ओळीत होती: माहिती संकलन, प्रति फॉर्म अमुक रुपये. प्रश्न आमचा, पाडे आमचे, ओळखी आमच्या आणि आम्ही फॉर्मामागे रोजंदारीवर! मी फोन करून सरळ विचारलं, "मॅडम, यात भागीदारी कुठे आहे?" त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अर्जाचा नमुनाच तसा आहे हो. तुम्ही या, बसून बदलू."

ते बसणं फार दिवस चाललं. एसटीने जायचं, ओपीडी संपेपर्यंत व्हरांड्यात थांबायचं, मग चहाच्या टपरीवर कागद पसरायचे. त्यातून सामंजस्य करार झाला. आमच्यातली एक जण सहसंशोधक. माहितीची एक प्रत आमच्याकडे, नावं काढून. कुठेही लेख छापण्याआधी निष्कर्ष ग्रामसभेत सांगायचे. हे शेवटचं कलम मी हट्टाने घातलं, कारण आधी रक्त घेऊन गेलेल्या संशोधकांचा हिशोब पाड्यांवर अजून थकलेला आहे. एका आजोबांनी मला सुनावलं होतं, "आमनं रगत लई जातस, मंग कोनी तोंड दखाडत नही." ते खोटं बोलत नव्हते.

सगळं जुळलं आणि मॅडमची बदली झाली. सरकारी महाविद्यालय म्हटलं की हे धरूनच चालायचं असतं, तरी त्या दिवशी मी जेवले नाही. नशिबाने त्यांच्या जागी आलेल्या सरांनी काम पुढे घेतलं, पण त्यांना पाडे दाखवण्यापासून पुन्हा सुरुवात. तो प्रवास, ती जेवणं, आशाताईंचा बुडालेला दिवस, सगळं संस्थेच्या खिशातून. अनुदानाचा एक रुपयाही तेव्हा आलेला नव्हता.

माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीची मला धास्ती होती, आणि तिथेच सगळ्यात चांगला अनुभव आला. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशा समितीत ७ ते १५ जण असतात, अध्यक्ष बाहेरचा असतो, आणि डॉक्टरांसोबत कायद्याचा जाणकार, समाजशास्त्राचा माणूस आणि एक सामान्य नागरिकही असावा लागतो. आमच्या वेळी तो सामान्य नागरिक म्हणजे एक निवृत्त शिक्षक होते. डॉक्टर मंडळींनी किती लोकांना विचारणार, विश्लेषण कसं करणार वगैरे विचारलं. गुरुजी बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "ऊसतोडीवर गेलेल्यांना तुम्ही फोनवर विचारणार असं लिहिलंय. त्या वेळी मजूर नेणारा मुकादम शेजारी बसलेला असेल तर?"

कोणाच्याच डोक्यात ते आलं नव्हतं. मुकादमाला कळलं की या कोयत्यातल्या, म्हणजे तोडणाऱ्या जोडप्यातल्या, बाईला सिकलसेल आहे, तर पुढच्या वर्षी त्यांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळणार नाही. मुलीच्या सोयरिकीची भीती आम्हाला माहीत होती, सिकलसेलचं कार्ड धान्याच्या कोठीमागे लपवणारी घरं मी स्वतः पाहिली आहेत. उचलीची भीती मात्र गुरुजींनी दाखवली. फोनवरच्या मुलाखती तिथल्या तिथे रद्द. माणसं होळीला घरी आल्यावर, घरातच, एकेकट्याने विचारायचं ठरलं.

संमतीपत्रावरही खल झाला. पाटील किंवा सरपंच "हो" म्हणाले म्हणजे गावाची संमती झाली असं धरता येत नाही, प्रत्येकाची वेगळी लागते. ७ ते १२ वर्षांच्या मुलाला आईबापांसमोर तोंडी विचारायचं, त्यापुढच्या मुलांकडून लेखी घ्यायचं. अंगठा देणाऱ्यासाठी लिहिता-वाचता येणारा साक्षीदार हवा आणि तो आमच्या चमूतला नको. आता पाड्यावर लिहिता-वाचता येणारी म्हणजे बहुधा आशाताईच, आणि त्या तर चमूत. मग जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना आणि बारावी झालेल्या पोरापोरींना गाठलं. बुडालेल्या मजुरीची भरपाई देता येते, फक्त ती आमिष वाटेल इतकी नसावी, हेही समितीनेच स्पष्ट केलं. अर्धा दिवस बसवून ठेवून बिस्किटाचा पुडा देणं मला कधीच पटलेलं नव्हतं, त्यामुळे बरं वाटलं.

प्रशिक्षणाबद्दल लिहायलाच हवं, कारण आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे गावातल्यांना शहाणं करणं असा समज आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा आरोग्य संशोधनाच्या मूलतत्त्वांचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, प्रवेशाला पैसे लागत नाहीत. मी तो केला. चांगला आहे, फक्त इंग्रजीत. आमच्या कार्यकर्त्यांसाठी महाविद्यालयाच्या एका निवासी डॉक्टरने त्यातलं आवश्यक तेवढं मराठीत करून दोन खोल्यांच्या आमच्या कार्यालयात शिकवलं. प्रश्न विचारताना उत्तर सुचवायचं नाही, हे आमच्या लोकांना सगळ्यात जड गेलं. वर्षानुवर्षं "गोळी घेतली ना?" असंच विचारत आलेली माणसं ती.

उलट बाजूचं प्रशिक्षण आम्ही दिलं. डॉक्टरांना पाड्यावर मुक्कामाला ठेवलं. ओट्यावर चारचौघांत आजाराचं नाव काढायचं नाही. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात मुलाखत ठेवायची नाही, कारण घरात कोणीच सापडणार नाही. पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या घरात मराठीतून विचारलं की सगळी उत्तरं "हो" येतात, म्हणून सोबत त्या बोलीचं माणूस हवंच. एका तरुण डॉक्टरने सकाळी मला विचारलं, "ताई, रक्त तपासायला इथून जायला यांना किती वेळ लागतो?" मी म्हटलं, "चला, चालून बघू." डांबरी रस्त्यापर्यंत पोचेपर्यंत त्याची पाण्याची बाटली संपली होती, आणि जीप भरल्याशिवाय निघत नाही हे तिथे कळलं. त्याच दिवशी त्याने प्रश्नावलीत प्रवासाचे तीन नवे प्रश्न घातले. गावात राहूनही गोळी का सुटते, याचा पहिला धागा तिथे लागला.

पैसा मंजूर झाला, आणि पहिला हप्ता महाविद्यालयाच्या खात्यात आला तेव्हा पाडे रिकामे झाले होते. ३१ मार्चच्या आत खर्च दाखवा, पैसे ठरल्या कामाला वापरल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र द्या, मग पुढचा हप्ता. आणि मुलाखती तर होळीनंतरच होणार! आर्थिक वर्ष संपतं तेव्हा आमचं गाव घरी येतं, हे लेखा विभागाला समजावताना माझा घसा बसला. सरांनी मार्ग काढला: पहिल्या हप्त्यातून प्रशिक्षण, छपाई, प्रश्नावलीची चाचणी असं सगळं आधी उरकलं, उरलेल्या रकमेसाठी पुढच्या वर्षात वापरण्याची परवानगी मागितली. ती मिळेपर्यंत आशाताईंचं मानधन आम्ही राखीव ठेवीतून दिलं. हे प्रत्येक संस्थेला जमेल असं नाही, आणि जमू नये असंही मला वाटतं. गरीब जोडीदाराने श्रीमंत जोडीदाराला उसने द्यायचे, ही कसली रीत?

माझं म्हणणं इतकंच आहे. अनुदान सुरू होतं प्रस्ताव मंजूर झाल्यावर, आणि भागीदारी घडते किंवा मोडते ती त्याच्या आधी: त्या व्हरांड्यात, टपरीवर, बदलीनंतर पुन्हा केलेल्या फेऱ्यांत. त्या काळाला पैसा कोणी द्यायचा? अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्यातून उभ्या राहिलेल्या, संशोधनाला निधी देणाऱ्या पीकोरी या संस्थेने काही वर्षं नेमकं यासाठी टप्प्याटप्प्याने पैसे दिले. पहिल्या टप्प्याला १५ हजार डॉलरपर्यंत, आणि काम काय, तर रुग्ण, स्थानिक लोक आणि संशोधक यांनी एकत्र बसून प्रश्न ठरवायचा. मोठ्या संशोधनाचा प्रस्ताव नंतर. आपल्याकडे याच्या दशांशानेही खूप होईल. एसटीचं भाडं, जेवण, बुडालेली मजुरी आणि बोली जाणणाऱ्याचं मानधन, यापलीकडे त्याला लागतं काय?

सध्या मुलाखती संपल्या आहेत, विश्लेषण महाविद्यालयात चाललं आहे. ग्रामसभेत सांगायचं ते चित्रांतून सांगायचं की बोलून, यावर आशाताईंमध्ये दोन तट आहेत. दरम्यान गरोदर बायांच्या तपासणीवर दुसरा प्रस्ताव लिहितो आहोत. त्यात मी "पूर्वतयारी" नावाची वेगळी ओळ घातली होती. सरांनी ती खोडली, नमुन्यात असं शीर्षकच नाही म्हणाले. आता ती "प्रशिक्षण" या शीर्षकाखाली सरकवली आहे आणि खाली एका तळटीपेत कारण लिहिलं आहे. ती तळटीप काढायची नाही, एवढं मी सरांकडून कबूल करून घेतलं आहे.