न आलेल्या कॉलचे पैसे

आमच्या कंपनीचं काम लिफ्ट बसवणं आणि सांभाळणं. तीन वर्षांच्या आराखड्यातलं पहिलंच वाक्य आहे: 'लिफ्ट बंद पडण्याआधी काळजी घेऊ, ग्राहक टिकवू.' अंधेरीच्या ऑफिसात रिसेप्शनच्या भिंतीवर ते फ्रेम करून लावलंय. मी नियोजन विभागात. हे वाक्य खाली कितपत पोचलंय ते बघायला जुलैत एका मेकॅनिकबरोबर दिवसभर फिरले. सगळे त्यांना मामा म्हणतात. रूट गिरगाव ते परळ.

गिरगावात इमारत जुनी, पण लिफ्ट नवी, आपोआप मिटणाऱ्या दारांची. मामा दुसऱ्या मजल्यावर उकिडवे बसले आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाराखालच्या खाचेतला कचरा उकरू लागले. सुपारीची खांडं, केसांची पिन, नारळाच्या शेंड्या, पावसाने थापून बसलेली माती. लिफ्टच्या बहुतेक तक्रारी दारापाशीच सुरू होतात. दार पुरतं मिटलं नाही की लॉकचा कॉन्टॅक्ट जुळत नाही, आणि तो जुळल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. हलूही नये. मामांनी दाराचा रोलर अंगठ्याने फिरवून पाहिला. "हा महिनाभर चालेल. मग अडकवणार कुणाला तरी," म्हणाले आणि खिशातल्या डायरीत टिपून ठेवलं. ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये असल्या नोंदीला रकानाच नाही.

तेवढ्यात परळहून ब्रेकडाऊनचा फोन. मामा भराभर आवरायला लागले. वरचे मजले राहिलेच होते, मी तसं म्हटलं.

"मॅडम, कॉल अटेंड केला की इन्सेंटिव्ह. खाच साफ केल्यामुळे जो कॉल आलाच नाही, त्याचे पैसे कोण देणार?"

मला उत्तर सुचलं नाही.

खरी गंमत संध्याकाळी शाखेत कळली. साध्या एएमसीत, म्हणजे वर्षभराच्या देखभाल करारात, सुटे भाग (स्पेअर्स) बदलायचा खर्च ग्राहकाचा, आणि शाखा व्यवस्थापकांचं टार्गेट स्पेअर्सच्या विक्रीवर. रोलर वेळेत बदलला तर किरकोळ बिल. दार घासत राहून त्याची मोटर गेली तर मोठं. ते मुद्दाम दुर्लक्ष करतात असं मी म्हणणार नाही. पण लवकर लक्ष घालावं असं त्यांना काही कारणही दिलेलं नव्हतं.

व्यवस्थापनाचे अमेरिकन अभ्यासक स्टीव्हन कर यांनी 1975 सालीच या मूर्खपणावर लेख लिहिलाय: अपेक्षा एका गोष्टीची ठेवायची आणि बक्षीस दुसरीला द्यायचं. जपानी कंपन्यांच्या होशिन कान्री या नियोजन पद्धतीत यावर उपाय म्हणून 'कॅचबॉल' असतो. वरचं उद्दिष्ट खाली येतं, खालचे लोक 'हे जमेल, ते जमणार नाही, त्यासाठी अमुक लागेल' असं वर कळवतात, आणि अशा फेऱ्या झाल्यावरच ते पक्कं होतं. आमच्याकडे चेंडू वरून टाकला, तो रिसेप्शनच्या भिंतीवरच अडकला.

आढावा बैठकीत मी एका कागदावर तीनच ओळी नेल्या: एमडींना टिकलेले ग्राहक हवेत, शाखेला स्पेअर्स, मेकॅनिकला कॉल. एमडी बराच वेळ कागद बघत राहिले. अकाउंट्सवाल्यांनी लगेच विचारलं, स्पेअर्सचं उत्पन्न घटलं तर भरून कुठून काढायचं? प्रश्न रास्तच होता. म्हणून तूर्त फक्त मामांच्या रूटवर इन्सेंटिव्ह लिफ्ट विनातक्रार चालण्यावर बांधलाय. शाखेचं टार्गेट मात्र मार्चपर्यंत तेच. त्यामुळे पाऊस वाढला की व्यवस्थापक मामांना रूट सोडून दुसरीकडच्या कॉलवर धाडतात, आणि मामा वैतागून मला फोन करतात.