मायनर विषय

मंगळवार, रात्री अकरा

एका दृश्यातले शॉट (एका कटपासून पुढच्या कटपर्यंतचे सलग तुकडे) दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा आला. संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला हे शोभत नाही, म्हणून रूममेटला न सांगता इथे लिहितेय.

सिनेमा हा माझा मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय. बाबा तालुक्याच्या कोर्टात कारकून, त्यामुळे त्यांच्या डोक्यात मायनर म्हणजे अज्ञान, कोर्टाच्या भाषेत वयात न आलेला. "अज्ञान विषय घेतलास होय," म्हणाले आणि स्वतःच बराच वेळ हसत बसले. आईचा प्रश्न सरळ होता: पिक्चर बघायचे मार्क देतात?

देतात, पण त्यासाठी मोजावं लागतं. बॅरी सॉल्ट नावाच्या माणसाने १९७४ मध्ये शॉटची सरासरी लांबी काढून सिनेमांची तुलना करता येते असं मांडलं. सिनेमाचे एकूण सेकंद भागिले शॉटची संख्या, बस्स. तो मूळचा भौतिकशास्त्रातला, हे कळल्यावर मला उगाच नातेवाईक सापडल्यासारखं वाटलं. सरांनी प्रत्येकाला एक जुना सिनेमा वाटून दिला. माझ्या वाट्याला प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' आला.

बुधवार

आकडा का चुकतो ते सापडलं. साध्या कटची अडचण नाही. एक चित्र विरघळत दुसरं उमटतं, तिथे पहिला शॉट संपला कुठे? काल एकदा मी सुरुवात धरली होती, एकदा शेवट. आता मध्य धरायचा ठरवलं आणि वहीच्या पहिल्या पानावर तसं लिहून ठेवलं.

दुसरी भानगड जास्त छळते. जुनी फिल्म तुटली की तेवढा तुकडा छाटून टोकं चिकटवत. पडद्यावर तिथे पात्र टुणकन उडी मारतं आणि डोळ्याला तो कट वाटतो. तो दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी ठरवलेला कट, की कुठल्याशा ऑपरेटरच्या कात्रीचा? मी अशा जागांसमोर प्रश्नचिन्ह टाकतेय. प्रश्नचिन्हांची सरासरी काढता येत नाही.

(सरासरीवर माझा तसाही विश्वास नाही. दोन-चार लांबलचक शॉट सगळा आकडा वर ओढतात. मी मीडियन देणार आहे, म्हणजे सगळ्या लांबी क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. सर विचारतील, विचारू देत.)

संध्याकाळी मुद्दाम प्रभात रोडने चालत आले. १९३३ मध्ये प्रभात कोल्हापूरहून पुण्याला आली, आणि तिच्याच स्टुडिओच्या आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट निघाली. हा सिनेमा इथे हाकेच्या अंतरावर घडला आणि मी तो हॉस्टेलच्या वायफायवर अडकत अडकत बघतेय.

रविवार, घरी

आजीला लॅपटॉपवर दाखवला. तिने लहानपणी गावच्या जत्रेत तंबूत पाहिला होता. जिजाई विठोबावर चप्पल उगारते तो प्रसंग येण्याआधीच ती म्हणाली, "आता बघ हां." नंतर मात्र अस्वस्थ झाली. "मधे दिवे लागंनात ते?"

तिच्या तंबूत एकच मशीन होतं. रीळ संपलं की अंधार उजळायचा, शेंगावाला आत यायचा, बायका पोरं मोजून घ्यायच्या, मग पुढचं रीळ. तिच्या आठवणीत सिनेमा तसाच तुकड्यातुकड्यांनी आहे. वैकुंठाचं विमान यायच्या आधी बराच वेळ रीळ लागेना, तेव्हा मागून कुणीतरी विठ्ठल विठ्ठल सुरू केलं आणि सगळा तंबू टाळ्या वाजवत बसला, असं सांगत होती. लॅपटॉपवर विमान लगेच आलं. तिला ते घाईचं वाटलं.

मग मी प्रश्नचिन्हांबद्दल सांगितलं. तिला सगळं कळलं, माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांपेक्षा लवकर. "तुटायची की. त्यो कापून खाली टाकायचा. आमी तंबूमागनं गोळा करायचो, उन्हाकडं धरून बघायला." तिच्याकडे एक तुकडा बरेच दिवस होता. त्यात कोण होतं ते आठवत नाही, फेटेवाला कुणीतरी.

तंबूतली प्रिंट वेगळी आणि मी बघतेय ती वेगळी, हे मला कळतं. तरी वहीत 'कात्री' असा रकाना आखला आणि प्रश्नचिन्हं तिकडे हलवली. सध्या त्यात अकरा आहेत.

आजी विचारतेय, शुक्रवारी सरांना दाखवताना तिचं नाव घालणार का.