यार्ड कुणाचे: लाइनचे की रनिंग बॅकचे?

अमेरिकन फुटबॉलच्या २०२४च्या कॉलेज मोसमात बॉइझी स्टेटचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) ॲश्टन जेंटी याने ३७४ वेळा चेंडू घेऊन २,६०१ यार्ड काढले आणि धावत २९ टचडाउन केले, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेला. बॅरी सँडर्सचा १९८८ मधला २,६२८ यार्डांचा विक्रम गाठायला त्याला २७ यार्ड कमी पडले. एवढे आकडे समोर असले की ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीग एनएफएलचे संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात तेव्हा, काय करायचं हे ठरल्यासारखंच वाटतं. पण कॉलेजच्या रनिंग बॅकबद्दल सगळ्यात जास्त फसवतो तो हाच एकूण यार्डांचा आकडा. त्यातले बरेच यार्ड पुढे उभं राहून वाट मोकळी करणाऱ्या पाच लाइनमननी, म्हणजे लाइनने, काढून दिलेले असतात, आणि ते पाचजण त्याच्याबरोबर एनएफएलमध्ये येत नाहीत. त्याचा स्वतःचा वाटा किती, हे वेगळं काढणं म्हणजेच पारख.

ट्रेंट रिचर्डसनचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं. अलाबामात २०११ साली २८३ धावांत १,६७९ यार्ड, सरासरी ५.९. क्लीव्हलंडने २०१२च्या ड्राफ्टमध्ये त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. ताकद होती, वजन होतं, टॅकल, म्हणजे धरून पाडायला येणाऱ्याची पकड, तोडण्याची हिंमतही होती. पण अलाबामाची लाइन समोरच्याला इतकं मागे रेटायची की वाट शोधायची वेळ त्याच्यावर क्वचितच आली. एनएफएलमध्ये फट पाऊण सेकंद उघडते आणि मिटते. तिथे तो वारंवार बचावाला अडवणाऱ्या आपल्याच ब्लॉकरच्या पाठीवर जाऊन आदळला. दुसऱ्या मोसमाच्या सुरुवातीलाच त्याला इंडियानापोलिसला देऊन टाकलं, आणि कारकीर्द संपली तेव्हा सरासरी ३.३ होती. मेल्विन गॉर्डनने २०१४ मध्ये विस्कॉन्सिनकडून २,५८७ यार्ड काढले, सरासरी साडेसात. चार्जर्सकडून पहिल्या वर्षी त्याच्या नावावर १८४ धावांत ६४१ यार्ड, सहा फंबल (हातातून सुटलेला चेंडू) आणि शून्य टचडाउन लागले. गॉर्डन पुढे सावरला, रिचर्डसन नाही. दोघांच्याही कॉलेजच्या आकड्यांत यातलं काही दिसत नव्हतं.

म्हणून सुरुवात चित्रफितीपासून करावी, तीही निवडक क्षणांच्या नाही. चार-पाच पूर्ण सामने घ्यावेत: सगळ्यात तगड्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा एक, आकड्यांत सगळ्यात वाईट गेलेला एक, मोसमाच्या सुरुवातीचा एक, शेवटचा एक आणि जमल्यास आदल्या वर्षीचा एक. शक्य असेल तर बावीसही खेळाडू दिसतात तो उंचावरचा कॅमेरा वापरावा. टीव्हीच्या कॅमेऱ्यात सेफ्टी, म्हणजे बचावातला सगळ्यात मागचा खेळाडू, चौकटीबाहेर असतो, आणि सेफ्टी कुठे उभा आहे हे कळल्याशिवाय धावेचा अर्थ लागत नाही.

प्रत्येक धाव दोनदा पाहावी. पहिल्यांदा रनिंग बॅककडे बघायचंच नाही, फक्त लाइन बघायची. चेंडू हातात पडला त्या क्षणी चित्र थांबवून बॉक्समध्ये (खेळी सुरू होते त्या रेषेजवळच्या मधल्या पट्ट्यात) बचावाची किती माणसं आहेत आणि त्यांना अडवायला किती ब्लॉकर आहेत ते मोजायचं. सात माणसांना सात ब्लॉकर असतील आणि सहा यार्ड मिळाले, तर ती धाव लाइनने दिलेली. आठ माणसं आणि सहा ब्लॉकर असताना तीन यार्ड मिळाले, तर ते तीन यार्ड त्याचे, आणि ते जास्त मोलाचे. दुसऱ्यांदा बघताना पहिला धक्का कुठे बसला हे टिपायचं: रेषेच्या मागे, रेषेवर की पुढे. वहीत चार रकाने पुरतात: बॉक्समधली माणसं, धक्क्याआधीचे यार्ड, धक्क्यानंतरचे यार्ड आणि हुकवलेला माणूस कोण. शेवटच्या रकान्याकडे दुर्लक्ष होतं, पण तो कळीचा आहे. थकलेल्या डिफेन्सिव्ह टॅकलला (बचावाच्या पुढच्या फळीतल्या वजनदार खेळाडूला) चकवणं आणि मोकळ्या मैदानात सेफ्टीला चकवणं यांची किंमत एक नाही.

मग सरासरीची चाचणी. एकूण धावांतून सगळ्यात लांब तीन-चार वगळायच्या आणि उरलेल्यांची सरासरी काढायची. ७ची सरासरी ४.८वर आली तर हरकत नाही, ३.६वर आली तर थांबून विचार करावा. त्याच्या जोडीला यशस्वी धावांचं प्रमाण बघावं. पहिल्या डाउनला (दहा यार्ड काढायला मिळणाऱ्या चार संधींपैकी पहिलीला) लागणाऱ्या यार्डांपैकी निदान ४० टक्के, दुसऱ्याला ६० टक्के आणि तिसऱ्याला पूर्ण यार्ड मिळाले तर धाव यशस्वी, असा ढोबळ हिशेब बरेच जण वापरतात. पहिल्या डाउनला दहा यार्ड हवे असताना चार मिळवणारा माणूस प्रशिक्षकाला चालतो. एकदा साठ आणि नऊ वेळा शून्य काढणारा चालत नाही.

आता पावलं. इथे सगळ्यात जास्त वेळ घालवावा, कारण एनएफएलमध्ये टिकणं न टिकणं बहुतेकदा हँडऑफनंतरच्या, म्हणजे खेळी चालवणाऱ्या क्वार्टरबॅककडून चेंडू हातात आल्यानंतरच्या, पहिल्या तीन पावलांत ठरतं. इनसाइड झोन या मधून धावण्याच्या खेळीत त्याने रेषेपर्यंत ठरलेल्या वाटेने सरळ जायला हवं, म्हणजे लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) त्याच बाजूला ओढला जातो. मग एक पाय रोवून, एकाच कापात, म्हणजे झटक्यात दिशा बदलून, दुसऱ्या फटीत शिरायचं. कच्चा खेळाडू रेषेच्या तीन यार्ड आधीच वळतो. लाइनबॅकर अजून मोकळाच असतो, तो आरामात येऊन धरतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की ब्लॉकिंग फसलं. आउटसाइड झोन या कडेकडे धावण्याच्या खेळीत तीनच पर्याय असतात: कडेने बाहेर पडणं, मध्ये घुसणं किंवा मागच्या बाजूला वळणं. खांदे रेषेला समांतर राहिले तर तिन्ही पर्याय शेवटपर्यंत उघडे राहतात. खांदे कडेकडे वळले की एकच उरतो, आणि एनएफएलचे लाइनबॅकर तेवढ्या वेळात कड गाठतात. कॉलेजात कडेने पळून मिळवलेले यार्ड म्हणूनच निम्म्या भावाने मोजावेत. पॉवर आणि काउंटर या खेळ्यांत आपली जागा सोडून बाजूने धावत आलेल्या गार्डच्या (लाइनमधल्या ब्लॉकरच्या) मागे धीर धरून राहावं लागतं. त्याच्या पुढे निघून जाणारा रनिंग बॅक आपलाच ब्लॉकर वाया घालवतो.

जागच्या जागी पावलं आपटणं ही दुसरी मोठी खोट. धीर वेगळा आणि घुटमळणं वेगळं. धीर धरणाऱ्याचे पाय थोडे तरी पुढे सरकत असतात आणि नजर दुसऱ्या फळीवर असते. घुटमळणाऱ्याची नजर समोरच्या पाठीवर असते. चित्र थांबवून हेल्मेटची दिशा बघितली की हे लगेच कळतं. आणखी एक गोष्ट: तो शॉटगनमधून (क्वार्टरबॅक मागे सरकून आणि तो त्याच्या बाजूला उभा असताना) किती धावला आणि क्वार्टरबॅकच्या मागे सात यार्डांवर उभा राहून किती, याची नोंद ठेवावी. शॉटगनमध्ये सुरुवात बाजूने होते. मागून येताना वेग आधीच लागलेला असतो आणि निर्णय घाईत घ्यावा लागतो. एकात सरावलेला दुसऱ्यात चालेलच असं नाही.

जेंटीकडे परत. त्याची उंची ५ फूट साडेआठ इंच, वजन २११ पौंड, म्हणजे साधारण ९६ किलो. बुटका आहे, बारीक नाही. २,६०१पैकी अंदाजे तीन-चतुर्थांश यार्ड धक्का बसल्यानंतरचे होते, आणि त्याच्या पारड्यात पडणारी सगळ्यात वजनदार गोष्ट हीच. मात्र बॉइझी स्टेट तेव्हा ज्या गटात खेळत होतं त्या माउंटन वेस्टमधले बरेच टॅकल निव्वळ हाताने धरायला येणारे असतात आणि ते तोडणं तुलनेने सोपं. खरी परीक्षा दोन सामन्यांत बघावी. ओरेगॉनविरुद्ध २५ धावांत १९२ यार्ड आणि तीन टचडाउन. फिएस्टा बोलमध्ये पेन स्टेटविरुद्ध ३० धावांत १०४. दुसरा सामना जास्त शिकवतो. साडेतीनची सरासरी दिसते तेव्हा प्रत्येक धावेत पहिला धक्का कुठे बसला ते बघायचं. मागेच धक्का बसूनही तो रेषेपर्यंत पोचला असेल, तर अपयश लाइनचं. लास व्हेगसने एप्रिल २०२५ मध्ये त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं. कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत) तो ४० यार्ड धावलाच नव्हता, आणि त्याने काही अडलं नाही.

४० यार्डांच्या वेळेला तसंही गरजेपेक्षा जास्त मान मिळतो. निदान वजनाशी जोडूनच ती वाचावी. त्यासाठी स्पीड स्कोअर आहे: पौंडांतलं वजन गुणिले २००, भागिले वेळेचा चौथा घात. १०० म्हणजे साधारण सरासरी. डेरिक हेन्री २४७ पौंडांचा, वेळ ४.५४, स्कोअर ११६. आयझाया पचेको २१६ पौंड, ४.३७, स्कोअर ११८. पचेको सातव्या फेरीपर्यंत उरला आणि कॅन्सस सिटीला मिळाला. दुसऱ्या टोकाला बकी अर्व्हिंग: १९२ पौंड, ४.५५, स्कोअर ९०. टॅम्पा बेने २०२४च्या चौथ्या फेरीत घेतल्यावर त्याने पहिल्याच वर्षी १,१२२ यार्ड काढले. कायरन विल्यम्सचा स्कोअर तर ८३, पाचव्या फेरीतली निवड, आणि २०२३ मध्ये रॅम्ससाठी १,१४४ यार्ड. त्यामुळे हा आकडा चित्रफितीत दिसलेलं ताडून बघायला वापरावा, निर्णय घ्यायला नाही. इंडियानापोलिसला होणाऱ्या कंबाइनमधली वेळ यंत्राने मोजतात. कॉलेजच्या प्रो डेवरची (कॉलेजने स्वतः भरवलेल्या चाचण्यांतली) हाताने मोजलेली वेळ बहुधा कमी येते, दोन्ही एकाच रांगेत मांडू नयेत. पहिल्या १० यार्डांची वेळ मला जास्त उपयोगी वाटते, कारण बहुतेक धावा तेवढ्यातच संपतात. तीन शंकूंची चाचणी वळताना वेग किती टिकतो हे दाखवते. ख्रिश्चन मॅकॅफ्रीने २०१७ मध्ये ती ६.५७ सेकंदांत पूर्ण केली होती, आणि त्याच्या खेळात ते रोज दिसतं.

वजनाबाबत एक खबरदारी. कंबाइनला पाच-सहा पौंड वाढवून येण्याची पद्धत जुनी आहे. मोसमात खेळाडू किती वजनाने खेळला हे वेगळं विचारून घ्यावं.

पहिल्या वर्षी रनिंग बॅक बाकावर बसतो तो धावता येत नाही म्हणून नव्हे, क्वार्टरबॅकला वाचवता येत नाही म्हणून. पासच्या वेळी, म्हणजे क्वार्टरबॅक चेंडू फेकणार असतो तेव्हा, त्याने आधी आतल्या फटी बघायच्या, मग बाहेरच्या. सगळ्यात जवळच्या वाटेने येणारा माणूस आधी घ्यायचा. दोन लाइनबॅकर एकमेकांची वाट ओलांडून आले तर कोण आपला, हे पाऊण सेकंदात कळायला हवं. चित्रफितीत तीन गोष्टी बघाव्यात. तो पुढे सरकून रेषेजवळ भिडतो का, की क्वार्टरबॅकच्या अंगावर येईपर्यंत वाट बघतो? हात समोरच्याच्या छातीवर आतून जातात का? डोकं खाली घालून लांबूनच पायात झेप घेतो का? शेवटची सवय कॉलेजात खपते. एनएफएलचा ब्लिट्झर (क्वार्टरबॅकवर चालून येणारा) उडी मारून पुढे जातो. कॉलेजात झटपट पास इतके असतात की खऱ्या बचावाचे प्रसंग मोजकेच सापडतात. खोट्या हँडऑफनंतरचे ब्लॉक त्यात धरू नयेत. निदान पंचवीस-तीस प्रसंग जमेपर्यंत मत बनवू नये. विल्यम्स नोत्र दामकडून खेळताना या कामात निडर होता, आणि इतक्या हलक्या, संथ खेळाडूला मैदानावर ठेवायला रॅम्सना एक भक्कम कारण तिथेच मिळालं.

झेल मोजताना संख्या नाही, प्रकार बघावा. रेषेच्या मागेच मिळणारे सोपे पास कोणीही घेतो. लाइनबॅकरला आत ओढून बाहेर वळणं, कडेने खोल धावणं, लाइनपासून दूर कडेला उभं राहणं, हे येतं का? जेंटीने २०२३ मध्ये ४३ झेलांवर ५६९ यार्ड काढले होते, २०२४ मध्ये २३ झेलांवर फक्त १३८. शेवटच्याच वर्षाची चित्रफीत बघणारा त्याच्या हातांना कमी लेखेल, म्हणून आदल्या वर्षीचा सामना सोडू नये.

फंबलचा हिशेब धावा आणि झेल मिळून एकूण स्पर्शांवर करावा. शंभर स्पर्शांत एकाहून जास्त असतील तर कारण शोधावं. चेंडूचं टोक बोटांत, मग तळवा, कोपरापर्यंतचा हात, दंड आणि छाती, अशा पाच जागी चेंडू दाबलेला हवा. वळताना कोपर शरीरापासून सुटत असेल तर सरावाने सुधारतं. चेंडू कायम एकाच हातात राहत असेल, तेही सुधारतं. हात लहान असून पकडच ढिली असेल, तर सुधारणं अवघड.

शरीराची तपासणी संघांचे डॉक्टर करतात, बाहेरच्याला ती दिसत नाही. पण दुखापतीनंतरच्या दोन मोसमांची तुलना कोणीही करू शकतो. निक चबचा गुडघा २०१५ मध्ये फार वाईट मोडला. २०१६ मध्ये तो जडच दिसत होता, २०१७ मध्ये कापाला धार परत आली. क्लीव्हलंडला तो ३५व्या क्रमांकावर मिळाला आणि २०१९ ते २०२२ सलग चार वर्षं त्याने हजाराच्या वर यार्ड काढले. कॉलेजात जास्त धावा झाल्या म्हणून घाबरून मात्र जाऊ नये. हेन्रीने २०१५ मध्ये ३९५ वेळा चेंडू घेतला होता, आणि २०२० मध्ये एनएफएलमध्ये २,०२७ यार्ड काढले.

शेवटी किंमत. पहिला करार चार वर्षांचा, पहिल्या फेरीतला असेल तर पाचव्या वर्षाचा पर्याय संघाकडे. रनिंग बॅकची सर्वोत्तम वर्षं बहुधा याच काळात संपतात. म्हणून २०२२ आणि २०२४ मध्ये पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक गेला नाही, तर २०२३ मध्ये बिजान रॉबिन्सन आठवा आणि जहमिर गिब्स बारावा गेला. माझी रेघ स्पष्ट आहे: तिन्ही डाउनला मैदानावर राहील त्यालाच पहिली फेरी. पासच्या वेळी बाहेर काढावा लागेल असा कितीही जोरकस असो, तिसऱ्या फेरीच्या आधी नाही. आणि अहवालात नुसती श्रेणी लिहून थांबू नये. कोणत्या खेळ्यांत तो चालेल, कोणत्यांत नाही आणि पहिल्या आठवड्यात त्याला कोणतं काम देता येईल, या तीन ओळी प्रशिक्षक आधी वाचतात.