आमची वाटचाल : पायावरचं वजन आणि हुकावरचं वजन

2016 ला शिरूर तालुक्यात वडिलांच्या शेतावर आम्ही दोघा भावांनी संगमनेरी आणि उस्मानाबादी मिळून पंचवीस शेळ्या घेतल्या. संगमनेरी आपल्या पुणे-नगर-नाशिकचीच, म्हणून तिच्यावर जीव जरा जास्त. सगळं चराईवर चालायचं, सकाळी सोडायच्या, दिवस मावळला की कोंडायच्या, पण उन्हाळ्यात माळावर काडी राहायची नाही आणि वर्षाच्या बोकडाच्या पण बरगड्या मोजता यायच्या.

मग शेड बांधून पूर्ण बंदिस्त केलं. मक्याचा भरडा, शेंगदाणा पेंड, खाईल तेवढा खुराक. बोकड असे भरले की छातीच्या घेराला टेप लावताना हरखून जायचो, चाकणच्या बाजारात लोक थांबून विचारायचे.

पण कायम माल घेणाऱ्या पुण्यातल्या खाटीकशेठनी एक दिवस दुकानात बोलावलं. दोन बोकड शेजारी शेजारी टांगलेले, एक आमच्या शेडवरचा, दुसरा कुणाचा तरी चराईवरचा. आमच्याचा गुर्दा चरबीच्या पांढऱ्या गोळ्यात पार बुडालेला. शेठ म्हणाले, "हे गिऱ्हाईक काढून टाकायला लावतं, याचे पैसे मला कोण देणार?" शेळीची चरबी कातडीखाली कमी आणि पोटात जास्त साठते, त्यामुळे पाठीवरून हात फिरवून कळतच नाही. चराईवरच्याला चरबी नव्हती पण त्याचं कोठीपोट (चारा साठतो ते मोठं पोट) चोथ्याने गच्च, काट्यावर 24 किलो भरलेला आणि मटण जेमतेम दहा किलो. दोन्हीकडे उतारा, म्हणजे पायावरच्या वजनातून हाती येणारं विकण्याजोगं मटण, मार खातोच, हे त्या दिवशी डोळ्याने बघितलं.

तेव्हापासून अर्धबंदिस्त. सकाळी चार-पाच तास चराई, मग शेवरी, तुरीचं भुसकट, थोडी सुबाभूळ (नुसती सुबाभूळ कधीच नाही), संध्याकाळी मोजून खुराक. तो पण हळूहळू वाढवायचा, एकदा घाईत एकदम वाढवला आणि आंत्रविषाराने (आतड्यात विष तयार होऊन होणाऱ्या आजाराने) एका रात्रीत तीन करडं गेली, अजून जीव तुटतो. आता पावसाळ्याआधी लस चुकवत नाही.

प्रत्येक बोकडाचं पायावरचं आणि सोलल्यावरचं वजन वहीत लिहितो, शेठ गुर्द्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात. परवाच्या फोटोत चरबीचा पातळ थर होता, आतला गुर्दा स्वच्छ दिसत होता, आणि खाली लिहिलेलं, शुक्रवारी असलेच सहा पाठवा.